पावसाळ्यातली भूक आणि मेंदूची घडण : शहापूर-मुरबाडचा इतिहास

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या आदिवासी वाड्यांत भुकेचा काळ ठरलेला असतो. दिवाळीच्या आगेमागे भात, नाचणी, वरी घरात येते. जमिनीचा तुकडा लहान असला, तर हे धान्य होळीपर्यंत, फार तर चैत्रापर्यंत पुरते. आषाढ-श्रावणात, म्हणजे आवणीच्या ऐन घाईत, कणगी रिकामी असते. बाया दिवसभर वाकून चिखलात रोप लावतात तेव्हा घरी खायला सर्वांत कमी असते आणि नवे धान्य हाती यायला अजून तीन महिने असतात. याच दिवसांत हगवण, ताप, हिवताप येतात. तान्ही मुले मोठ्या भावंडांवर सोपवून आया शेतावर जातात.

या भागात पाऊस सहसा दगा देत नाही. माहुली, माळशेज, नाणेघाट या डोंगररांगेच्या पायथ्याशी वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणूनच इथली भूक दुष्काळाच्या हिशेबात फारशी आली नाही. इंग्रज राजवटीने १८८० नंतर दुष्काळाचे जे नियम बांधले, त्यांत पाऊस हुकणे, पीक बुडणे, भाव चढणे ही संकटाची लक्षणे मानलेली होती. दख्खनच्या पठाराला ती लागू पडत. जिथे पाऊस वेळेवर येतो, पीकही येते आणि तरी दरवर्षी चार महिने पोट अर्धे राहते, त्या प्रदेशासाठी सरकारी दप्तरात रकाना नव्हता. दरसालची भूक ही तिथली रीत समजली गेली आणि या समजुतीने पुढची शंभर वर्षे नुकसान केले.

पूर्वी जंगलात सगळी आबादी होती असे म्हणणे खरे होणार नाही, पण अन्नाचे मार्ग अनेक होते. म ठाकूर, क ठाकूर आणि महादेव कोळी उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी आणि खाचरात भात घेत. कातकरी मुख्यतः जंगलावर जगत. पहिल्या पावसाबरोबर शेवळे येत, मागून टाकळा, कवळा, भारंगी, कुर्डू. ओढ्यात चिंबोऱ्या आणि मासे मिळत. कडू कंद राख घालून शिजवायचे, वाहत्या पाण्यात ठेवून कडूपणा घालवायचा आणि मग खायचे, ही बायांची विद्या होती. आजच्या पोषणशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर पिष्ट अपुरे पडले तरी लोह, फोलेट आणि थोडी प्रथिने या रानमेव्यातून मिळत. आहाराची ही दुसरी बाजू पुढे जंगलाबरोबर आटत गेली.

१८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी जंगल सरकारी झाले. ठाण्यात तंटा पेटला तो राबावरून. भाताचे रोप टाकण्याआधी वाफ्यावर डहाळ्या, गवत, शेण पसरून जाळायचे म्हणजे राब करायचा. त्यासाठी लागणाऱ्या डहाळ्या तोडण्यावर बंधने आली, तशी उतारावरची दळीची शेतीही आक्रसली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. दरम्यान कसाऱ्यापर्यंत आगगाडी पोचली होती आणि मुंबईची लाकडाची, कोळशाची भूक थेट शहापूरच्या रानाशी जोडली गेली होती. खैराचे लाकूड उकळून कात काढणे हा कातकऱ्यांचा धंदा होता. तो बंदीने मोडला. मग ते ठेकेदारांसाठी कोळशाच्या भट्ट्या लावू लागले. शहरात घरोघरी रॉकेल आणि गॅस आल्यावर कोळसाही संपला, आणि राहिली ती वीटभट्टी. १८९२ मध्ये पूर्ण झालेले तानसा धरण, पुढे १९५७ चे मोडकसागर, नंतरचे भातसा अशा धरणांनी मुंबईला पाणी दिले. खोऱ्यांतली सुपीक खाचरे मात्र पाण्याखाली गेली.

रिकाम्या कणगीचा काळ सावकाराने भरून काढला. पावसाळ्यात खाण्यापुरते धान्य उसने द्यायचे, ते खावटी म्हणून ओळखले जाई आणि सुगीला दीडपट, कधी त्याहून जास्त परत घेतले जाई. उभे पीक आधीच कवडीमोलाने विकत घ्यायचे, ते पालेमोड. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघांनी मालकाकडे वर्षानुवर्षे राबायचे, ते लग्नगडी. डी. सायमिंग्टन यांनी १९३९ च्या अहवालात मुंबई प्रांतातल्या डोंगरी जमातींच्या या अवस्थेची सरकारला स्पष्ट माहिती दिली. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. त्याच वर्षी शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली उंबरगाव-डहाणूकडच्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा दिला आणि वेठ मोडली. पालेमोडीला कायद्याने आळा बसायला मात्र १९७६ उजाडले. खावटी सरकारी कर्जाच्या रूपाने चालूच राहिली, कारण जी गरज ती भागवत होती ती संपलेली नव्हती.

या साऱ्या काळात भुकेचा परिणाम मोजला गेला तो मरणाने आणि रोगाने. जी मुले जगली त्यांचे काय झाले, हा प्रश्न कोणी विचारला नाही, आणि विचारला असता तरी त्या वेळच्या विज्ञानाकडे उत्तर नव्हते. उपासमारीने मेलेल्या प्रौढ माणसाचे यकृत, स्नायू, चरबी झिजलेली दिसे, मेंदूचे वजन मात्र जवळपास कायम राहिलेले आढळे. त्यावरून शरीर मेंदूला शेवटपर्यंत जपते असे मानले गेले. प्रौढांपुरते ते बरेचसे खरे होते. वाढत्या जीवाला ते लागू पडत नाही, हे कळायला प्राण्यांवरचे प्रयोग करावे लागले.

पहिला निर्णायक प्रयोग केंब्रिजमध्ये रॉबर्ट मॅकान्स आणि एल्सी विडोसन यांनी केला. त्याची रचना अगदी साधी होती. एकाच दिवशी जन्मलेली उंदरांची पिल्ले एकत्र करून पुन्हा वाटली. काही माद्यांकडे तीनच पिल्ले ठेवली, काहींकडे पंधरा ते वीस. पहिल्या गटाला पोटभर दूध मिळाले, दुसऱ्याला जेमतेम. तीन आठवड्यांनी दूध तोडल्यावर सर्वांना हवे तितके खाणे दिले. जेमतेम दुधावर वाढलेली पिल्ले जन्मभर लहानच राहिली. उलट, आधी चांगली वाढलेली आणि मग वयाच्या नवव्या ते बाराव्या आठवड्यात उपाशी ठेवलेली जनावरे खाणे मिळताच सावरली. उपासाचे दिवस दोन्हीकडे सारखेच असताना निकाल उलटे आले. फरक फक्त वयाचा होता. १९६० च्या दशकात याच दोघांनी डुकराची पिल्ले वर्षभर इतक्या कमी अन्नावर ठेवली की त्यांचे वजन पाच-सहा किलोंच्या पुढे गेले नाही. त्यातून शरीराचे वेगवेगळे अवयव भुकेला वेगवेगळ्या प्रकारे तोंड देतात, हे दिसले.

मेंदूचा नेमका प्रश्न मँचेस्टरच्या जॉन डॉबिंग यांनी हाती घेतला. प्रत्येक प्राण्याच्या मेंदूला झपाट्याने वाढण्याचा एक ठरावीक काळ असतो आणि त्या काळात तो सर्वांत नाजूक असतो, हे त्यांचे म्हणणे. गिनीपिगचा हा काळ बहुतांश आईच्या पोटातच संपतो, म्हणून जन्मल्याबरोबर ते पिल्लू धावू लागते. डुकराचा काळ जन्माच्या अलीकडे-पलीकडे पसरलेला आहे. उंदराचा जन्मानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत येतो. माणसाचा काळ ठरवण्यासाठी डॉबिंग आणि जीन सँड्स यांनी शंभराहून अधिक मेंदू तपासले आणि १९७३ मध्ये निष्कर्ष मांडले. चेतापेशींची संख्या मुख्यत्वे गरोदरपणाच्या मध्यापर्यंत भरते. त्यानंतर, शेवटच्या तिमाहीपासून बाळाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंत आणि काही अंशी पुढेही, आधारपेशी, तंतू, पेशींमधले जोड आणि तंतूंवरचे मायलिनचे आवरण यांची दाट वाढ होते. जन्मवेळी प्रौढ मेंदूच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढा असलेला मेंदू दोन वर्षांत तीन चतुर्थांशाच्या पुढे जातो.

अमेरिकेत मायरन विनिक यांनी पेशींतल्या डीएनएच्या मोजणीवरून पेशींची संख्या काढण्याची पद्धत वापरली. १९६६ मध्ये त्यांनी ॲडेल नोबल यांच्यासह दाखवले की उंदराच्या पिल्लाला दूध पिण्याच्या काळात उपाशी ठेवले, तर मेंदूत पेशीच कमी बनतात आणि ही तूट नंतरच्या अन्नाने भरत नाही. उशिरा उपाशी ठेवले, तर पेशी आकाराने लहान राहतात आणि अन्न मिळताच भरतात. तीन वर्षांनी पेद्रो रोसो यांच्याबरोबर त्यांनी चिलीमध्ये कुपोषणाने दगावलेल्या बालकांच्या मेंदूंतही डीएनए कमी असल्याचे नोंदवले. लहान मेंदूची, म्हणजे तोल आणि हालचाल सांभाळणाऱ्या भागाची, वाढ उशिरा आणि वेगाने होते, म्हणून उंदरात सर्वाधिक फटका त्याला बसलेला आढळला. अशी जनावरे अरुंद फळीवरून चालताना अडखळत. आठवण आणि जागेची जाण जपणारा हिप्पोकॅम्पसही बाधित होतो. मायलिन पातळ राहते. पुढच्या काळात लोहाच्या कमतरतेचे उंदरांवर आणि आयोडीनच्या कमतरतेचे मेंढ्यांवर प्रयोग झाले. नुसती उष्मांकाची तूटच मेंदूला घातक नसते; एकेका घटकाची तूटही पुरते, हे त्यातून स्पष्ट झाले.

भारतात या कामाचे केंद्र हैदराबाद होते. सी. गोपालन यांच्या नेतृत्वाखालच्या तिथल्या पोषण संशोधन प्रयोगशाळांनी, म्हणजे आजच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने, १९६८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दीड ते तीन वर्षे वयात क्वाशिओरकर हा तीव्र कुपोषणाचा आजार होऊन बरी झालेली मुले आठ ते अकरा वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा आकलनाच्या आणि विचारशक्तीच्या चाचण्यांत ती बरोबरीच्या मुलांच्या मागे होती. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून सी. एस. याज्ञिक यांच्या गटाने गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा माग ठेवला आहे. हिरव्या पालेभाज्या, फळे, दूध यांचे आईच्या आहारातले प्रमाण आणि बाळाची जन्मवेळची वाढ यांचा संबंध तिथे दिसला. गरोदरपणी ज्यांच्यात बी-१२ जीवनसत्त्व कमी होते, त्यांची मुले नऊ वर्षांची झाल्यावर लक्ष आणि तात्पुरती स्मृती तपासणाऱ्या काही चाचण्यांत मागे पडली. मायलिन टिकण्यासाठी बी-१२ लागते, ही बाब इथे महत्त्वाची. २०१५ मध्ये आनंदवर्धन हर्डीकर आणि याज्ञिक यांच्या गटाने ५० पिढ्या निम्म्या अन्नावर वाढवलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या शरीरातही बी-१२ कमी होते, आणि पुढच्या दोन पिढ्यांना पोटभर अन्न देऊनही चयापचयातले बिघाड गेले नाहीत. हा अभ्यास मधुमेहाच्या अंगाने झालेला आहे. त्यावरून मेंदूविषयी परस्पर निष्कर्ष काढू नये. तरीही पिढ्यानुपिढ्या उपाशी राहिलेल्या वाडीत एका वर्षाच्या शिध्याने सगळे पालटेल ही अपेक्षा किती भाबडी आहे, हे त्यातून कळते.

प्रयोगशाळेतले हे वेळापत्रक शहापूर-मुरबाडच्या पंचांगावर ठेवून पाहावे लागते. उंदराच्या पिल्लाचा नाजूक काळ तीन आठवड्यांचा असतो. माणसाचा, शेवटच्या तिमाहीपासून दोन वर्षांपर्यंत धरला तरी, सव्वादोन वर्षांचा होतो. या सव्वादोन वर्षांत मूल कोणत्याही महिन्यात जन्मले तरी मिळून दोन पावसाळ्यांइतके दिवस येतातच. एकही बाळ त्यांतून सुटत नाही. बऱ्याचदा एक पावसाळा आईच्या पोटात किंवा अंगावर जातो, दुसरा वरचे अन्न सुरू झाल्यावर. आणि दुसरा अधिक कठीण, कारण तेव्हा दूध पुरत नाही आणि भाताच्या पेजेपलीकडे घरात फारसे काही नसते. ज्या भुकेला सरकारी दप्तराने रीत म्हटले, ती नेमकी मेंदू बांधला जाण्याच्या दिवसांत येणारी भूक होती.

कातकऱ्यांच्या बाबतीत कोरडे महिनेही सुटत नाहीत. दिवाळीनंतर मुकादमाकडून बयाणा घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, कल्याण, वसई आणि रायगडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. आठवड्याच्या खर्चीवर घर चालते. भाजी, डाळ, अंडी विकत घेण्याइतकी ती नसते आणि रानही जवळ नसते. गरोदर बाई माती कालवते, विटा वाहते. मूल भट्टीशेजारच्या भोंग्यात, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, धुरात आणि धुळीत पडून असते.

मुलांना खाऊ घालण्याची सार्वजनिक व्यवस्था तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्यात आकाराला आली, ही ठाण्याची मोठी देणगी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, पुढे ते कोसबाडला गेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने पाड्यावरच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी उभी राहिली. १९७० च्या दशकात तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या कासा इथे डॉ. पी. एम. शहा यांच्या प्रकल्पाने गावातल्याच बायांना अर्धवेळ कार्यकर्त्या म्हणून तयार केले. त्या मुलांची वजने घेत, जोखमीची मुले आणि गरोदर बाया हेरत आणि त्यांच्यापर्यंत आहार व औषध पोचवत. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या निवडक भागांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा अंगणवाडी हेच तिचे केंद्र ठरले.

या योजनेत गरोदर बाया आणि तान्ही मुले पहिल्यापासून होती. व्यवहारात मात्र ताटात खाणे पडले ते चालत अंगणवाडीत येऊ शकणाऱ्या तीन ते सहा वर्षांच्या मुलाच्या. डॉबिंग यांनी दाखवलेला नाजूक काळ तोवर मुख्यतः उलटून गेलेला असतो. तीन वर्षांच्या मुलालाही भूक लागते आणि त्याला जेवण मिळालेच पाहिजे, यात वाद नाही. पण मेंदूची तूट टाळायची तर त्याआधीच्या सव्वादोन वर्षांत पोचायला हवे होते, आणि ज्ञान हाताशी असून तिकडे पोचायला चाळीस वर्षे लागली. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीतले बालमृत्यू राज्यभर गाजले. २००१ मध्ये डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने सरकारी नोंदीत बालमृत्यू किती कमी दाखवले जातात हे उघड केले. २००५ मध्ये कुपोषण हटवण्यासाठी राजमाता जिजाऊ मिशन आले आणि त्याच्या पुढच्या टप्प्यात गर्भधारणेपासूनच्या पहिल्या हजार दिवसांवर भर आला. २०१५ अखेर डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू झाली. तिने अनुसूचित क्षेत्रातल्या गरोदर बायांना शेवटच्या तिमाहीपासून बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत एक वेळचे शिजवलेले जेवण दिले. पुढे मुलांना अंडी आणि केळी मिळू लागली. शहापूर तालुका पूर्णपणे आणि मुरबाड काही गावांपुरता अनुसूचित क्षेत्रात येतो. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर कुपोषणाची चर्चा तिकडे गेली आणि ठाण्याकडे उरलेल्या या दोन तालुक्यांकडे लक्ष कमी झाले. तसे व्हायला नको होते.

उंदरांच्या प्रयोगातला एक धडा मात्र दुर्लक्षित राहतो. १९७२ मध्ये डेव्हिड लेवित्स्की आणि रिचर्ड बार्न्स यांनी दाखवले की लहानपणी उपाशी राहिलेली जनावरे बुजरी होतात, नवी जागा हुंगून पाहत नाहीत. पण लहानपणीच त्यांना हाताळले, खेळायला जागा आणि सोबत दिली, तर वागण्यातला हा दोष बराच उतरतो. भुकेले पिल्लू जगाकडे पाठ फिरवते आणि त्यामुळेही मेंदूची वाढ खुंटते, असा त्याचा अर्थ. १९९१ मध्ये जमैकात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांच्या गटाने खुरटलेल्या बालकांवर हेच तपासले. काहींना जास्तीचा आहार दिला, काहींच्या घरी जाऊन आईबरोबर खेळ घेतले, काहींना दोन्ही दिले. दोन्हींचा उपयोग झाला आणि दोन्ही मिळालेली मुले सर्वांत पुढे गेली. म्हणून पहिल्या वर्षांत मागे पडलेले मूल कायमचे गेले, असे कोणी म्हणू नये. विनिक यांच्या काळातली ‘पेशी कमी म्हणजे सगळे संपले’ ही कल्पनाही नंतर सौम्य झाली, कारण पेशींमधले जोड पुढेही बनत राहतात. कातकरी किंवा ठाकूर मुले उपजत मंद असतात, हा शिक्षकांच्या खोलीत अजूनही ऐकू येणारा समज तर या साऱ्या संशोधनाने मुळातून खोटा ठरवला आहे. कोणत्याही आईचे मूल त्या दोन पावसाळ्यांत उपाशी ठेवले, तर तेही मागे पडेल.

विधायक संसद या संस्थेने १९९० च्या दशकात वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या आणि कुटुंब जिथे जाते तिथे सेवा जाऊ शकते हे सिद्ध केले. त्या शाळा मोठ्या मुलांसाठी होत्या. स्थलांतरितांचा माग ठेवणारी संगणकीय व्यवस्थाही अलीकडे राज्याने उभी केली आहे. तिचा उपयोग जेवण पोचवण्यासाठी व्हावा. अमृत आहाराचे ताट शेवटच्या तिमाहीऐवजी गरोदरपणाच्या सुरुवातीपासून आणि बाळ सहा महिन्यांऐवजी दोन वर्षांचे होईपर्यंत मिळावे, आवणीच्या महिन्यांत ते दुप्पट असावे, आणि नाव शहापूर-मुरबाडच्या पटावर असलेल्या बाईला भिवंडी-कल्याणच्या भट्टीवरही ते हक्काने मिळावे, ही मागणी दोन्ही तालुक्यांच्या ग्रामसभांनी ठरावात लिहून जिल्हा परिषदेकडे पाठवायला हवी.